कुंपणालगतचा बर्फ

बाळांनो, घटकाभर डोळे मिटा. रात्रभर बर्फ पडलाय... इतका, की प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाजवळचं दगडी अस्वल नाकापर्यंत बुडालंय. फाटक अजून उघडलेलं नाही. त्या पांढऱ्या शांततेत एकच आवाज येतोय – खर्र, खर्र. लाल कानटोपी घालून बर्फ उपसणारी ती मुलगी दिसली का? तीच मिनाहो.

जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावरच्या या टेकडीवर ती तीन आठवड्यांपूर्वी आली होती. तिचं गाव दूर दक्षिणेला. तिथे बर्फ दिसायचा तो सरबतात. तिकडच्या प्राणिसंग्रहालयात ती प्राण्यांची देखभाल करायची, तिथूनच सोबत तिने कुरीला आणलं होतं. कुरी म्हणजे तांबूस, झुपकेदार शेपटीची रेड पांडा. कुरी रुळली की मिनाहोने परत जायचं, असं ठरलं होतं. पण कुरी खोक्याबाहेर पाऊलच टाकेना.

कुरीचे पाय गारठू नयेत म्हणून मिनाहोने तिच्या बंदिस्त अंगणातला सगळा बर्फ काढला आणि कुंपणाच्या भिंतीशी नीट रचून ठेवला. मग ती सफरचंद चिरायला आत गेली. ताटली घेऊन परत येते, तर दारात एक उंच तरुण फावडं धरून उभा.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "दांड्यावर नाव आहे बघ."

हा तात्सुकी. समोरच्या लांडग्यांचं सगळं तोच बघायचा. आजवर दोघांनी एकमेकांना नुसती मान लववली होती. बर्फामुळे शाळेला सुट्टी, म्हणून सहा वर्षांची भाची चिसेही त्याच्याबरोबर होती.

"मग माझं कुठलं?"

"तूच साहेबांना म्हणालीस ना – चार दिवसांची पाहुणी मी, नाव कशाला लिहायचं..."

बोलता बोलता त्याची नजर भिंतीकडे गेली आणि हसू मावळलं.

"हा ढीग तू रचलास?"

"हो. छान झालाय ना?"

"जिना झालाय," तो हळूच म्हणाला. "आम्ही मधला बर्फ ठेवतो आणि कुंपणालगतचा काढतो. नाहीतर भिंत बुटकी होते."

खोकं रिकामं होतं. ढिगावरून इवली पावलं वर गेली होती... आणि पलीकडे उतरली होती.

मिनाहोने ताटलीतल्या फोडी खिशात कोंबल्या. टेकडीखाली मोठा रस्ता होता. ती धावली, घसरली – आणि तात्सुकीने दंड धरून तिला सावरलं.

"पेंग्विनसारखी चाल. छोटी छोटी पावलं टाक."

"माझी कुरी हरवलीय, आणि तू मला चालायला शिकवतोस?"

"पडलीस तर दोघींना शोधावं लागेल."

"मामा, ते बघ," चिसे कुजबुजली.

उतारावरच्या देवदाराखाली कुरी होती. वर चढायची, पोटावर घसरत खाली यायची, पुन्हा चढायची. मग मागच्या पायांवर उभी राहून पडणारा बर्फ दोन्ही पंजांत पकडू लागली.

मिनाहो मटकन खाली बसली. छातीवरचा दगड उतरल्यासारखी ती हसली, आणि डोळेही पुसले.

"तीन आठवडे मी हिच्यापुढे सफरचंद नाचवतेय..."

"तिला हवा होता बर्फ. तोच तू काढून टाकलास."

कुरी हाकेला येईना. दमेपर्यंत थांबायचं ठरलं. तात्सुकीने खिशातून मक्याच्या गरम सुपाचा डबा काढून मिनाहोला दिला. तिने तो निरखून पाहिला.

"रोज सकाळी माझ्या दाराशी असाच डबा असतो..."

"असेल." तो देवदार न्याहाळू लागला.

"मामाच ठेवतो," चिसे म्हणाली. "ठेवतो आणि पळतो."

"कान लाल झालेत तुझे," मिनाहो म्हणाली.

"थंडी आहे."

शेवटी दमलेली, ओलीचिंब कुरी आपणहून आली आणि मिनाहोच्या मांडीवर चढून सफरचंद खाऊ लागली. तिघांनी एकदमच श्वास सोडला. वाफेचे तीन ढग झाले.

"रुळली ही," मिनाहो हळूच म्हणाली. "म्हणजे रविवारची गाडी..."

"इथे एक जागा रिकामी आहे. मी साहेबांना विचारून ठेवलंय."

"कधी?"

"तू आलीस... त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती बराच वेळ कुरीच्या ओल्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"राहिले, तर मला फावडं लागेल," ती म्हणाली.

तेव्हा चिसेने मामाच्या खिशातलं जाड पेन काढलं, गोठलेल्या टोकावर फुंकर घातली, त्याचं फावडं मांडीवर ओढलं आणि जीभ दातांत धरून त्याच्या नावाखाली मिनाहोचं नाव लिहायला घेतलं.