टबाखालची बोलणी

पहिला थेंब अजेयच्या पोह्यांत पडला. दुसरा थेट नाकावर!

अलिबागच्या कॉलेजात शिकवणारा हा मुलगा आईवडिलांना घेऊन नागावला मला बघायला आला होता. आणि आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वरच्या खोलीतला बाथटब काठोकाठ भरून ठेवलेला. "पाहुण्यांना दाखवू की! पर्यटकांसाठी माझ्या पोरीने बसवलाय!" टबाच्या तळाची जाळी गेलीय, असं मी कालच सांगितलं होतं... पण तात्या ऐकतील तर ना!

जाळी गेली ती आईच्या कृपेने. दोन उन्हाळे तिने त्याच टबात आमसुलं भिजवली. "एवढं मोठं पातेलं रिकामं कशाला ठेवायचं?" आंबट-खारट पाण्याने धातू खाऊन टाकला.

मी पदर खोचला, पान्हा उचलला आणि जिना चढले. मागून पावलं वाजली.

"मदत करू?"

"आधी पोहे संपवा."

"त्यांचा रस्सा झालाय," अजेय हसला. गालाला खळी पडली — इश्श, कुठे बघतेय मी!

दोघांनी मिळून टब उपसला. नवी जाळी आणलेलीच होती, पण ती बसवायला दोन माणसं लागतात. एकाने वरून जाळी धरायची, दुसऱ्याने टबाखालून नट फिरवायचा. मी बाजूची फळी काढून खाली शिरले. तो इस्त्रीच्या पँटसकट टबात बसला.

जाळीतून मला त्याचा एकच डोळा दिसत होता. तपकिरी.

"बाकीच्यांना बोलायला गच्चीवर पाठवतात," डोळा म्हणाला.

"गच्ची आहे आमच्याकडे. जायचंय?"

"छे! इथे बरंय."

मी हसले. पण आता सांगायलाच हवं होतं.

"एक सांगते. हे ऐकून आधीचे दोघे परत फिरलेत. ह्या खोल्या मी उभ्या केल्यात... लग्न झालं तरी मी नागाव सोडणार नाही."

नटाबरोबर जाळीही गरगर फिरायला लागली.

"अहो, धरा ना घट्ट!"

"सॉरी... विचार करत होतो."

माझा जीव टांगणीला. गेला तर जाऊ दे, असं ह्या वेळी म्हणवेना. हा राहायला हवा होता मला.

"स्कूटरवरून कॉलेज गाठता येईल," तो सावकाश म्हणाला. "पण लोक घरजावई म्हणून चिडवतील का हो?"

"चिडवतील."

"खूप?"

"खूप."

"मग चिडवू देत. मला तुम्ही आवडलात, प्राची. पान्हा घेऊन जिना चढलात ना... तेव्हाच."

मी नुसता नट आवळत राहिले. बाहेर आले तेव्हा केसांत जळमटं होती. त्याने ती हलकेच काढली.

"झालं का गं?" खालून तात्या ओरडले.

"झालं! पण सिलिकॉन वाळायचंय, उद्यापर्यंत पाणी सोडायचं नाही!"

"मग गळतंय का ते बघणार कोण?" अजेयने हळूच विचारलं.

"त्यालाही दोन माणसं लागतात."

"उद्या मी खाली शिरतो."

"जुने कपडे घालून या," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात धावले. त्याच्यासाठी पुन्हा पोहे वाढले. खोबरं जरा जास्तच पडलं.

आई बघतच राहिली. "काय गं, काय ठरलं?"

"एवढंच," मी म्हटलं, "की आमसुलांना आता दुसरं पातेलं बघ. मी इथेच आहे."