माझं मत धरू नका

त्या दिवशी बाबांनी जिन्यातच बसकण मारली. वर येईनात, खाली जाईनात. पक्षाघातानंतर त्यांना रोज जिना चढायला लावायचं काम माझ्याकडे होतं. पण औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली मी एकटी त्यांना किती ओढणार? बाहेर पाऊस भुरभुरत होता, जिन्याच्या जाळीतून गार वारा आत येत होता, आणि बाबांचाच जुना शर्ट अंगात घालून, केसांत पेन्सिल खोचून मी त्यांची मनधरणी करत होते.

तेवढ्यात खालून कोणीतरी वर आलं. उंच, चष्मेवाला. चष्म्यावर पावसाचे थेंब.

“अहो, जरा बाबांची ती बाजू धरता का?” मी म्हटलं. कोण, कुठला, काही विचारलंच नाही.

त्याने पिशवी पायरीवर ठेवली. बाबांना एकदम उचलायला गेला नाही, आधी शेजारी वाकून म्हणाला, “काका, तुम्ही म्हणाल तेव्हा उठू.”

बाबांनी त्याला निरखून पाहिलं. “छत्री?”

“हो, घ्या ना!” त्याने आपली ओली छत्री पुढे केली.

मला हसू आवरेना. “त्यांना छत्री नकोय हो. मनात एक असतं नि तोंडातून भलतंच येतं. आजारापासून असंच चाललंय.”

“मग आत्ता छत्री म्हणजे काय?”

“शेवटी सूर वर गेला, ऐकलंत ना? तुम्ही कोण, असं विचारताहेत.”

तो बाबांकडे वळला आणि अगदी अदबीने म्हणाला, “काका, मी विद्यार्थी मदतनिधीकडून आलोय. स्पीच थेरपीच्या कोर्ससाठी ज्या मुलीने अर्ज केलाय, तिच्या घरी भेट द्यायचीय. तिसरा मजला ना?”

माझा हात आपोआप केसांतल्या पेन्सिलीकडे गेला.

परिचारिका, तंत्रज्ञ, थेरपिस्ट असं काही शिकणाऱ्या मुलांची फी आणि वसतिगृहाचा खर्च हा निधी उचलायचा. मला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. निधीने हात दिला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. मदत देण्याआधी त्यांचा माणूस घरी येऊन बोलून जातो, हे मला ठाऊक होतं. तो जिन्यात भेटेल आणि मी त्याला कामाला लावेन, हे मात्र ठाऊक नव्हतं!

आईने शिलाईचं काम बाजूला सारून चहा टाकला. तो खुर्चीच्या टोकावर बसला. प्रश्न विचारायला आलेला तो, पण विचारत सुटले मी. तुम्ही काय करता? हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. शिकलात कसे? याच निधीतून. मग त्यांनी तुम्हाला का निवडलं? एक्स-रेत सगळ्यात अवघड काय असतं?

“लहान मुलांना स्तब्ध बसवणं,” तो म्हणाला. मग हळूच हसला. “आणि... आता असं वाटतंय की तुम्हालाही.”

“भोचकच आहे ती,” आई आतून म्हणाली. “लहानपणी डॉक्टरांनाच विचारायची, तुम्हाला कोण तपासतं म्हणून.”

“मग? कोण तपासतं?” त्याने मला विचारलं. डोळ्यांत खरंच कुतूहल होतं...

चहा निवून गेला तरी आम्ही बोलत होतो. बाबांचे शब्द मी कसे ओळखते, कुठला शब्द परत आला, कुठला आला नि पुन्हा हरवला. ऐकताना तो मान थोडी तिरपी करायचा. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलंच नव्हतं.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. “एक प्रश्न राहिला होता.”

“विचारा.”

तो दारातच घुटमळला. “तुम्हाला... म्हणजे वसतिगृहात... खिडकीशेजारची खाट आवडेल की भिंतीशेजारची?”

“हे निधीला कळायला हवं?”

“निधीला... तसं नाही,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

मग एकदा दुकानात आला, चिकटपट्टी घ्यायला. “कुठे लागलं?” मी विचारलं. त्याने सगळी बोटं उलटसुलट करून पाहिली. एकावरही खरचटल्याची खूण सापडेना. “लागेल कधीतरी,” तो म्हणाला. तो गेल्यावर मी बराच वेळ एकाच डब्यावरची धूळ पुसत होते.

आणि मग तो येईनासाच झाला.

निधीच्या कार्यालयातून बाईंचा फोन आला. “तुमच्याकडे नव्याने भेट द्यावी लागेल. आधीच्यांनी तुमच्याबद्दल मत द्यायला नकार दिलाय.”

“नकार? पण का?”

“ते त्यांनाच विचारा,” बाई म्हणाल्या. “दुसरं कोणी मोकळं आहे का, बघते. वेळेत जमलं तर ठीक.”

आमचं घर आवडलं नाही? मी फार बोलले? हसून-खेळून चहा प्यायचा आणि पाठीमागे नकार! रागाने रडू येत होतं. पण रागाच्याही वर होतं ते — का? हे “का” मला स्वस्थ बसू देईना. मी तडक हॉस्पिटल गाठलं.

तो कॅन्टीनमध्ये होता, घास तोंडाशी नेलेला. मला पाहून तो हात तसाच राहिला.

“माझं काय चुकलं?” मी उभ्याउभ्याच विचारलं.

“तुमचं? काहीच नाही.”

“मग मत का दिलं नाहीत?”

त्याने घास ताटात ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “कारण माझं मत आता खरं मानण्यासारखं राहिलं नाही. अहवाल लिहायला बसलो, तर नुसतं चांगलंच सुचत गेलं. तुमचं काम, तुमची चिकाटी इथवर ठीक होतं. मग तुमचं हसणं पण लिहिलं गेलं. ते खोडलं... आणि बाईंना सांगून टाकलं, माझं मत धरू नका.”

मी खुर्चीवर बसले.

“त्यांनी विचारलं, अर्जदाराशी काही नातं आहे का,” तो खाली बघत म्हणाला. “मी म्हटलं, अजून नाही.”

“अजून?”

“तोंडातून निघून गेलं.”

माझा राग कुठल्या कुठे पळाला होता; पण तसं दाखवायचं नव्हतं. “आणि तुमच्या या खरेपणापायी माझी जागा गेली तर?”

“त्याच विचाराने झोप उडालीय. म्हणून बाईंच्या मागे लागलोय, लवकर दुसरं कोणी पाठवा म्हणून.” आता त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. “पण माझ्या शब्दाने मदत मिळाली असती, तर तुम्हाला आयुष्यभर वाटलं असतं की ती माझ्यामुळे मिळाली. ती तुमची असायला हवी. तोवर... मी येणार नाही. रागावू नका.”

मी रागावले नाही. घरी येईपर्यंत “अजून नाही” हे दोन शब्द नाना सुरांत म्हणून पाहिले, एवढंच.

नवीन भेटीला निवृत्त मेट्रन आल्या. करकरीत इस्त्रीची साडी, आवाजात जरब. त्यांनी माझ्याकडे फारसं पाहिलंच नाही. बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

“मुलगी शिकायला लांब जाणार. तुमचे शब्द ओळखणारी तीच. तुम्हाला चालेल?”

याच प्रश्नाला मी घाबरत होते. रात्ररात्र जागूनही मी तो स्वतःला विचारला नव्हता.

बाबांचे ओठ हलले. आधी “चप्पल” आलं. त्यांनी मान जोरात हलवली. मला पुढे होऊन सांगावंसं वाटलं. मेट्रननी हात वर करून मला थांबवलं. खोलीत आईच्या शिलाई मशीनचाही आवाज नव्हता.

“जा... जाऊ... दे,” बाबा म्हणाले. घाम आला होता त्यांना. “शि... शिकू दे.”

आई पदराने डोळे टिपत पुढे आली. “त्यांचे व्यायाम मी घेईन. ओरडतील माझ्यावर, चालेल.”

मेट्रन उठल्या. “परत येशील तेव्हा त्यांच्याकडून माझ्याशी भांडण करवून दाखव,” मला म्हणाल्या. “बघू कशी थेरपिस्ट होतेस ते.”

मंजुरीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. मालकांची परवानगी घेतली की नाही, आता आठवत नाही. एक्स-रे विभागाबाहेर बाकांवर माणसं दाटीने बसली होती. तो दार उघडून पुढचं नाव पुकारणार, तोच मी समोर.

“मिळाली,” मी म्हटलं. “माझी माझी मिळाली.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला बोलायचं ते आठवेना. पण आता थांबले असते तर कधीच बोलले नसते.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हटलं. “लग्नबिग्न आत्ता नाही, मला आधी शिकायचंय. मग चार वर्षं वाट बघाल का... म्हणजे वाट अशी नाही, येत-जात राहाल का?”

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. बाकावर हात झोळीत घेऊन एक आजी बसल्या होत्या. त्या वैतागून म्हणाल्या, “अरे, हो म्हण की लवकर! माझा हात ठणकतोय.”

“हो,” तो म्हणाला. “हो, हो... आजी, चला आत.”

मी निघाले त्या सकाळी आई-बाबांना जिन्यातच नमस्कार केला. बस स्टँडवर तो सोडायला आला होता. सामान टपावर चढवलं, पाण्याची बाटली हातात दिली; मग काय करावं ते न कळून खिडकीखाली उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

“जपून जा,” तो म्हणाला. “पोचलात की...” थांबला. खिडकीच्या गजावर ठेवलेल्या माझ्या बोटांना त्याचं बोट जेमतेम टेकलं. “पोचलीस की फोन कर.”

“काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना.”

बस हलली. तो बरोबर चालू लागला, मग धावू लागला, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “पोचलीस की फोन कर गं!”

शेजारच्या बाईने विचारलं, “कोण गं तो?”

मागे वळून तो दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राहिले, आणि मग तिला सगळं सांगायला बसले.