तासाला दोनशे चौदा

पट्टे तुम्हीच पुसलेत. आता पालिकेच्या खिडकीमागे मान खाली घालून "आमच्याकडे तशी नोंद नाही" म्हणू नका. सकाळी सात वाजता तुमची दोन माणसं काळ्या रंगाचा डबा घेऊन आली आणि शाळेच्या फाटकासमोरचे रस्ता ओलांडायचे नऊच्या नऊ पांढरे पट्टे काळे करून, हात पुसत निघून गेली. टाचणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती तेव्हा खिडकीत दात घासत होती.

टाचणी म्हणजे बारा वर्षांची, अंगाने काडी आणि बोलण्याला टोक. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं.

त्याआधी काय केलंत तेही सांगू. बाजाराचा रस्ता एकेरी केलात आणि तिकडची सगळी वाहनं या रस्त्यावर सोडलीत. मग फुटपाथ अर्धा कापून गाड्या उभ्या करायला दिलात. रहिवाशांनी तीन अर्ज केले. तिन्हींवर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर एकालाही नाही. शेवटी मोठी माणसं थकली. "पालिकेच्या दारावर डोकं आपटलं की डोकंच फुटतं, दार नाही," असं म्हणून आपापल्या कामाला लागली.

टाचणीला थकून चालणार नव्हतं. कारण आजोबा.

आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. त्यांचे धाकटे भाऊ रस्त्याच्या पलीकडे किल्ल्या बनवतात आणि दुकानामागच्याच खोलीत एकटे राहतात. मुलं त्यांना किल्लीआजोबा म्हणतात. किल्लीआजोबांचे गुडघे गेलेले आणि कानही. फोनवर त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रोज सकाळी दहाला आजोबा वॉकर टेकत पट्ट्यांवरून पलीकडे जायचे आणि किल्ल्यांच्या ढिगाशेजारी दोघं भाऊ बुद्धिबळ मांडायचे. चहा कोणी करायचा यावर भांडण, मग डाव, मग डावावरून भांडण. त्यांचा दिवस त्यावर चालायचा.

पट्टे पुसल्यावर तिसऱ्या दिवशी एक व्हॅन थांबली नाही. आजोबा मागच्या मागे पडले, वॉकर चाकाखाली गेला. वाकडा झालेला तो वॉकर अजून दारामागे उभा आहे. आईने नवा आणला आणि सांगितलं, "बाबा, आता रस्ता बंद. हात धरून न्यायलाही गाड्या थांबायला हव्यात ना."

तेव्हापासून दहा वाजता अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक खुर्ची. एक हात वर होतो, दुसरा हात वर होतो. मग दोघंही गाड्या बघत बसतात. डाव दुकानात अर्धाच मांडलेला होता. चाल आजोबांची होती.

सुट्टी लागली त्या दिवशी टाचणीने शाळेच्या पायरीवर सभा बोलावली. सभेला दोघं आले. एक वकील, ज्याला आई जेवायला हाक मारते तेव्हाही तो "कोणत्या नियमाने?" विचारतो. दुसरा भोंगा. तो कानात बोलला तरी शेजारच्या इमारतीत कळतं.

"पट्टे कोणी पुसले ते माहीत आहे," टाचणी म्हणाली. "का पुसले ते शोधायचं."

"मी ओरडून विचारतो," भोंगा म्हणाला.

"तू तोंड बंद ठेवलंस तरच आत घेतील," वकील म्हणाला.

पालिकेच्या चार नंबरच्या खिडकीमागे एक कारकून होते. त्यांच्या डोक्यावर फलक होता: "प्रत्येक अर्जास तीस दिवसांत लेखी उत्तर दिले जाईल." फलकावर धूळ होती.

"पोरांनो, शाळेची सहल आहे का?"

"नाही काका," टाचणी म्हणाली. "आमच्या रस्त्याचे पट्टे का पुसले?"

कारकुनांनी कंटाळत फाइल काढली. "मोजणी झाली. पट्टे हवे असतील तर तासाला साठ माणसं रस्ता ओलांडणारी पाहिजेत. तुमच्याकडे अकरा."

"अकरा?" भोंग्याचा आवाज निसटला. तीन खिडक्यांवरची माणसं वळली. "आमच्या एका वर्गात बेचाळीस आहेत."

वकिलाने मान वाकडी करून कागदावरची तारीख वाचली आणि बोटांवर हिशेब लावला. मग तो हळूच म्हणाला, "काका, ही मागच्या सुट्टीतली तारीख आहे. शाळेसमोरची माणसं मोजली, आणि शाळा बंद असताना?"

हेच ते कोडं. इतकं सोपं. पाचवीतलं पोर सुट्टीच्या दिवशी शाळेत जाऊन "आज कोणीच आलं नाही" असं लिहिणार नाही. तुम्ही लिहिलंत, वर सहीही केलीत.

कारकुनांनी फाइल मिटली. "मोजणाऱ्याचं काम मोजायचं. शाळा उघडी की बंद, हे बघणं त्याचं काम नाही."

"मग कोणाचं?"

"ते या खिडकीत येत नाही."

"फेरमोजणीचा अर्ज चालतो का?" वकिलाने विचारलं. चालत होता. अर्जावर मोठ्या माणसाची सही लागत होती. आजोबांनी ती घरी केली आणि तिघं अर्ज घेऊन परत खिडकीशी आली.

"फक्त शाळा सुरू झाल्यावर मोजा," टाचणीने विनवलं.

"पुढचा बुधवार, दहा ते अकरा. नको असेल तर पुढच्या वर्षी." कारकुनांनी शिक्का मारला. पुढच्या बुधवारीही सुट्टीच होती.

बुधवारी घडीचं स्टूल, टोपी आणि हातात खटक्याचं यंत्र घेऊन मोजणीकाका आले. एक खटका, एक माणूस. वकील त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"काका, एकच माणूस दोनदा गेला तर?"

"दोन खटके. मी माणसं नाही मोजत बाळा, ओलांडणं मोजतो."

"दहादा गेला तर?"

मोजणीकाकांनी टोपी वर सरकवली. त्याच्याकडे पाहिलं, मग ओस पडलेल्या शाळेकडे पाहिलं. "तर दहा. नियमात तसंच आहे."

वकील धावतच आला. टाचणी शिंपीणबाईंच्या दुकानात शिरली. "मावशी, चला. रस्ता ओलांडायचाय."

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही. ओलांडून परत यायचं."

शिंपीणबाईंनी दातातला दोरा काढला. "हात दाखवून अवलक्षण होईल गं. हे लोक काय करतील नेम नाही."

"अजून काय करायचं राहिलंय मावशी?"

शिंपीणबाईंनी सुई कापडात खोचली. त्या उठल्या. सायकलवाला उठला, औषधांच्या दुकानातली ताई उठली. टाचणीची आई कामावर उशिरा जायचं ठरवून आली. भोंग्याने जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या परवानगीने तोंड उघडलं आणि खिडक्या पटापट उघडल्या. आई आणि सायकलवाला हात पसरून दोन्हीकडे उभे राहिले. गाड्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या, पण थांबल्या. माणसं गेली, माणसं आली.

खट. खट. खट.

"बाबा, तुम्ही पण," आई म्हणाली.

आजोबांनी टाचणीकडे पाहिलं. मग नवा वॉकर उचलला, टेकला, उचलला, टेकला. सगळा रस्ता त्यांच्यासाठी थांबला. पलीकडे किल्लीआजोबा पट घेऊनच दारात आले होते.

"दादा, किती दिवस विचार करणार एका चालीचा?"

"तुला हरवायचं जिवावर आलं होतं रे," आजोबा म्हणाले. त्यांनी घोडा हलवला, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर तो तसाच राहू दिला. मग परत फिरले, कारण परत येण्याचाही एक खटका होता.

अकराला मोजणीकाका उठले. "दोनशे चौदा," ते म्हणाले आणि टाचणीच्या पुढ्यात यंत्र धरलं. "वीस वर्षं मोजतोय. आज पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी मोजून घेतंय."

त्या दिवशी कौतुकाला तोटा नव्हता. शिंपीणबाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली, आई म्हणाली, "आम्ही हात टेकले होते, तुम्ही उचललेत." आजोबा पुढची चाल ठरवत होते.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुमचा ट्रक आला. तिघं पायऱ्या उतरत धावले.

"पांढरा रंग कुठाय?" भोंग्याने विचारलं.

माणसांनी ट्रकमधून लोखंडी गज उतरवले. छातीएवढे उंच. फुटपाथच्या कडेने, शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना कठडा उभा राहू लागला. खांबाला सूचना चिकटवली होती. वकिलाने ती मोठ्याने वाचली.

"सदर ठिकाणी पादचाऱ्यांचे प्रमाण तासाला दोनशे चौदा आढळल्याने वाहतुकीस गंभीर अडथळा होत आहे. सबब रस्ता ओलांडण्यास बंदी करण्यात येत आहे. पादचाऱ्यांनी पुढील चौकातील पुलाचा वापर करावा."

अकरा होते तेव्हा माणसं कमी होती. दोनशे चौदा झाली तेव्हा माणसं जास्त झाली. कोणता आकडा तुम्हाला चालला असता?

टाचणी चौकात गेली आणि पुलाच्या पायऱ्या मोजल्या. चढायच्या अठ्ठावन्न, उतरायच्या अठ्ठावन्न. ती परत आली आणि दारामागच्या वाकड्या वॉकरशेजारी जमिनीवर बसली.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "अकराच राहू दिले असते तर निदान कठडा तरी आला नसता."

आजोबा वॉकर टेकत तिच्याजवळ आले. त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "टाचणे, तू गणित बरोबर सोडवलंस. पेपर तपासणारा आंधळा निघाला, त्याला तू काय करणार? शाबास म्हणतो मी तुला."

शाबासकी खरी होती. टाचणीला तिचं काय करावं कळेना.

आता शाळा सुरू आहे. पोरं गजांमधून दप्तर आधी सारतात, मग स्वतः घुसतात, आणि रस्त्याच्या मधोमध पळतात. पुलावर कुत्रं झोपलेलं असतं. दहा वाजता अलीकडच्या कठड्यामागे एक हात वर होतो. पलीकडचा हात गजांमुळे नीट दिसत नाही. पट दुकानात मांडलेला आहे, चाल किल्लीआजोबांची आहे, आणि ती सांगायला ते येऊ शकत नाहीत.

टाचणीने तुमच्या चार नंबरच्या खिडकीत अर्ज दिला. त्यात एकच प्रश्न आहे, वकिलाने त्यातला एकही शब्द बदलू दिला नाही: "वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाने आपल्या भावाकडे कसं जायचं?"

तुमच्याच फलकावर तीस दिवस लिहिलेत. आज एकतिसावा आहे. तिघं खिडकीसमोर उभी आहेत आणि भोंग्याने अजून तोंड उघडलेलं नाही.

मान वर करा. उत्तर द्या.