चार चोक सोळा

चंद्राच्या अलीकडच्या तळावर, प्रयोगशाळेच्या गोल दारापाशी कुमुद मयेकर तीनदा आली आणि तीनदा परत फिरली. चौथ्या वेळी बहुधा दारालाच कंटाळा आला. ते आपोआप उघडलं.

आत डॉ. निखत मुजावर पडद्यावरच्या आकड्यांशी भांडत बसल्या होत्या. भांडणार नाहीत तर काय करतील? त्यांनी शोधलेल्या ‘श्वासिका’ गोळीने इथल्या नऊच्या नऊ रुग्णांचा धूळदमा दहा दिवसांत पळवून लावला होता. चंद्रावरची धूळ म्हणजे दळलेली काच. ती फुप्फुसात बसली की माणूस भात्यासारखा वाजायला लागतो. आणि नेमकी तीच गोळी, रोज एक, पलीकडच्या तळावर, म्हणजे चंद्राच्या पाठीवर, अकरा खाणकामगार महिनाभर घेत होते. गुण शून्य. उलट खोकला वाढलेला.

“डॉक्टर, त्या नऊ जणांना मी रोज सार देत होते,” कुमुद म्हणाली. “कोकमाचं. मिरी घालून. चांगली सढळ.”

बाकीचं तिने एका दमात सांगून टाकलं. ती स्वयंपाकघराची प्रमुख. चाचणीतल्या रुग्णांनी नळीतली मोजलेली खळच खायची, हा नियम तिला पाठ होता. पण खोकून खोकून डोळे लाल झालेल्या माणसाच्या हातात टूथपेस्टसारखी नळी ठेवायची आणि वर ‘सावकाश जेवा’ म्हणायचं, हे मालवणच्या बाईला जमायचं कसं? तिने कुणाला विचारलं नाही. नऊही जणांनी कुणाला सांगितलं नाही. ते बरे झाले तेव्हा तिला वाटलं, आपल्या मायेचाही त्यात चिमूटभर वाटा असेल. पलीकडे तीच गोळी हरली आणि त्या चिमटीचा तिच्या छातीवर धोंडा झाला.

निखतनी कागद ओढून एक षटकोन काढला. “मिऱ्याचा तिखटपणा म्हणजे पायपरीन. त्यातलं हे एक वलय. सहा अणूंची गोल पंगत समजा. पाच पाटांवर कार्बन, सहाव्यावर नायट्रोजन. पंगतीत असा एक जरी परका शिरला की त्या वलयाला आम्ही विषमचक्रीय म्हणतो. माझ्या श्वासिकेतही असलंच वलय आहे.”

“म्हणजे दोघं भाऊबंदच.”

“आणि भाऊबंदांसारखीच एका दारात गर्दी करतात. यकृतातली विकरं औषध मोडून बाहेर टाकतात, कुमुदताई. तुमच्या मिऱ्याने त्यांचे हात गुंतवून ठेवले. माझी गोळी मोडलीच नाही, रक्तात साचत गेली. सार कधीपासून देत होतात?”

“दुसऱ्या दिवसापासून.”

निखतनी पडद्यावर पहिल्या दिवसाची नोंद शोधून काढली. पहिल्या दिवशी रक्तातलं औषधाचं प्रमाण नंतरच्या पावपट आलं होतं, हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. रक्तमापी नीट तापला नसेल असं म्हणून तो आकडा त्यांनीच खोडला होता. पलीकडे रक्तमापीच नव्हता. तिथे कुणाला कळणार?

कुमुद बोलणी खायला तयार होऊन आली होती. बोलणी मिळालीच नाहीत. निखतनी तिच्यासमोरच पलीकडे आदेश धाडला: आज दुपारच्या जेवणापासून एकाऐवजी चार गोळ्या. चौपट म्हणजे बरोबर इथल्याइतकंच प्रमाण. दहापटीला हृदयाची लय बिघडते, पण आपण त्याच्या आसपासही नाही, असं त्या म्हणाल्या.

पुडीचं सांगायची वेळ हीच होती. आठवड्यापूर्वी रेडिओवर जयवंत डोईफोडे या खाणकामगाराचा खोकला तिला ऐकवेना. तेव्हा तिने शिध्याच्या गाडीत मिऱ्याकोकमाची पुडी चढवली, वर ‘चहा मसाला’ लिहिलं आणि त्याला बजावलं, सगळ्यांना सार करून घाल, बोलू नकोस. गाडी कालच पोचली होती. पण एका दिवसात दोन गुन्हे कबूल करायला जीभ उचलेना. आणि आता गोळ्यांचं प्रमाणच सुधारलं म्हटल्यावर सार म्हणजे नुसतं सार. कुमुद हलक्या मनाने स्वयंपाकघरात परतली. किती दिवसांनी ती गुणगुणत होती.

आमटीसाठी पाणी मोजायचं होतं. चार भांडी, प्रत्येकात चार वाट्या. चार चोक...

वाटी हवेतच थांबली. गोळ्या चौपट. मिरी त्यांना पुन्हा चौपट करणार.

चंद्रावर धावणारा माणूस बेडकासारखा उडतो. कुमुद छताला दोनदा डोकं आपटून प्रयोगशाळेत पोचली आणि पुडीचं सांगितलं. निखतनी पलीकडचा रेडिओ लावला आणि कुमुदने जयवंतला हाक मारली.

“बोला वैनी,” जयवंतचा आवाज आला. “सार फक्कड झालंय. बाकीचे हात धुतायत, मीच पहिला बसलो.”

“गोळ्या?” कुमुदने विचारलं.

संदेशवाहक उपग्रहावरून वळसा घालून उत्तर यायला दोन सेकंद लागायचे.

“घेतल्या की आत्ताच. चारी. तुम्ही दोघी म्हणताय, मग भ्यायचं कशाला?”

बाकीच्या दहा जणांनी गोळीला हात लावायचा नाही, असं निखतनी ठासून सांगितलं. मग माइकवर हात ठेवून त्या कुजबुजल्या, “पोटात गोळ्या अजून विरघळल्या नसतील. तुमचं ऐकेल तो.”

माणसं जेवायला बसली की ‘अजून थोडं घ्या’ म्हणण्यात कुमुदचा जन्म गेला होता. तिने माइक ओढून घेतला.

“जयवंता, घशात बोटं घाल. सगळं बाहेर काढ. सारसुद्धा.”

“एवढं चांगलं झालेलं?”

“नाही झालेलं. मी तुझ्यापासून लपवलं, डॉक्टरांपासूनही लपवलं. ते सार या गोळ्यांवर विष आहे. काढ बाहेर.”

एक सेकंद. दोन. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, आणि पाठोपाठ ओकाऱ्या. निखतनी आवाज कमी करायला हात पुढे केला. कुमुदने तो धरला, आणि शेवटच्या ओकारीपर्यंत मोजत राहिली.