आग्रहराव आणि रिकामा चौकोन

नऊशे चाळीस माणसांनी ‘हो’ म्हटलं होतं. एकेकाचं नाव, नंबर, तारीख, सगळं आमच्याकडे नोंदलेलं होतं. मग त्यांतली तीनशे अकरा माणसं आमच्यावर चिडली कशी? हे कोडं चैत्रातल्या एका शनिवारी सकाळी आमच्या घरी येऊन पडलं, आणि नेमके तेव्हाच पडवीत ताज्या अंजिरांचे वीस क्रेट रचून ठेवलेले होते.

आधी ओळख करून देते. मी केतकी कामठे, इयत्ता सहावी. आम्ही सासवडजवळ राहतो, दिवे घाट चढून वर आलं की. माझे आई-बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करतात आणि महिन्यातून आठ दिवस घरी येतात. बाकीचे दिवस मला सांभाळण्याचं काम सायलीआत्या आणि आबा यांनी वाटून घेतलंय. अंजिराची बाग आत्याची. प्रत्येक रोप तिने स्वतः लावलंय, आणि कुठलं झाड कधी आजारी पडलं होतं हेही तिला पाठ आहे. आबा म्हणजे माझे आजोबा. ते शास्त्रज्ञ होते. तीस वर्षं त्यांनी दूरच्या अवकाशयानांशी रेडिओवरून बोलण्याचं काम केलं. आता ते माझ्याशी बोलतात आणि म्हणतात, “यानं बरी होती, मध्ये मध्ये तोंड घालत नसत.”

घरातले चौथे म्हणजे आग्रहराव. हे वाढपी रोबो. एका मंगल कार्यालयाने नवे रोबो आणले, तेव्हा आबांनी यांना अडगळीतून उचलून घरी आणलं. चार हात, पायांच्या जागी चाकं, आणि डोक्यावर कुणीतरी हौसेने रंगवलेला फेटा. ‘आग्रहराव’ हे नाव मी ठेवलं. का, ते कळेलच.

अंजीर फार नाजूक फळ. झाडावरून उतरलं की दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी रुसतं. म्हणून अंजीर उतरले की सकाळी आत्या लोकांना मेसेज पाठवायची. लोक दहापर्यंत मागणी नोंदवायचे आणि दुपारच्या आत उडत्या टोपल्या (माल पोचवणारे छोटे ड्रोन) पुण्यात घरोघरी फळं उतरवून यायच्या.

त्या शनिवारी मात्र मेसेज गेलाच नाही. उलट संदेशचौकीकडूनच (जाहिरातीचे मेसेज कोण कुणाला पाठवतंय यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आम्हाला पत्र आलं. ‘तुमच्या यादीतल्या ३११ जणांची तक्रार आहे. तुमचे जाहिरातीचे मेसेज थांबवले आहेत. तीन दिवसांत लोकांच्या संमतीचा पुरावा द्या. न दिल्यास हा हंगाम संपेपर्यंत मेसेज बंद राहतील.’

“पण सगळ्यांनी हो म्हटलंय की!” आत्या म्हणाली आणि क्रेटकडे पाठ करून पायरीवर बसली. हा मीठा बहार, म्हणजे आमचा मुख्य हंगाम. लोकांना कळलंच नाही तर वर्षभराची मेहनत झाडाखालीच सडणार होती. आणि ज्या फॉर्ममुळे ती यादी तयार झाली, तो फॉर्म मी केला होता.

आत्याची मूळची यादी होती सत्तर माणसांची, एका वहीत. बागेत आलेल्या लोकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली, ‘अंजीर आले की कळवा’, खाली नंबर आणि तारीख. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आग्रहरावांनी बागेच्या वेबसाइटवर फॉर्म टाकला आणि पाच महिन्यांत सत्तराचे नऊशे चाळीस झाले! तेव्हापासून मी घरात जरा मान वर करूनच हिंडत होते.

आबांनी चष्मा काढला. “केतकी, मी आता गिऱ्हाईक. मला तुझा फॉर्म दाखव.”

मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि थबकले. खाली एक चौकोन होता, ‘मला मेसेज पाठवा’, आणि त्यात बरोबरची खूण आधीच होती.

“ही खूण कुणी केली? मी तर अजून चष्माच पुसतोय.”

त्यांनी बोटाने खूण काढून टाकली. लगेच अक्षरं उमटली, ‘असं कसं? आमचे अंजीर फार गोड आहेत हो!’ आणि खूण पुन्हा हजर. आबांनी ती परत काढली. ‘आमच्या आग्रहाला मान द्या ना!’ खूण पुन्हा जागेवर. तिसऱ्यांदा काढली, तर ‘बरं, थोडेसेच पाठवू!’ आणि खूण परत आलीच. शेवटी आबांनी कंटाळून ‘पुढे’ दाबलं. पडद्यावर फुलं उधळली गेली. ‘होकाराबद्दल आभार!’

“मी होकार कधी दिला?” आबांनी विचारलं.

मला हसू फुटलं. पण आत्या हसत नव्हती, त्यामुळे ते अर्ध्यावरच विरलं.

आबांनी आग्रहरावांना बोलावलं. ते चाकांवर डुलत आले आणि अदबीने म्हणाले, “मंगल कार्यालयाचा नियम आहे, साहेब. पाहुण्यांचं पहिलं ‘नको’ संकोचाचं, दुसरं रीतीचं आणि तिसरं लाडाचं. मी केतकीताईंना विचारलं होतं, फॉर्मलाही हाच नियम लावू का? त्या हो म्हणाल्या.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी सांगून टाकलं. “मीच म्हटलं होतं. मामीकडे गेले की मी लाडू दोनदा नको म्हणते आणि तिसऱ्यांदा घेतेच. मला वाटलं, सगळे तसंच करतात. नको कोण खरं म्हणतं?”

आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “आधी जेवून घेऊ. आग्रहराव, आज केतकीला अगदी लग्नात वाढतात तसं वाढा.”

श्रीखंड होतं. पहिली वाटी संपली, आग्रहराव आले. मी म्हटलं नको, त्यांनी वाढलं, मी खुशीत खाल्लं. पुन्हा आले, पुन्हा तसंच. तिसरी वाटी संपता संपता मला जड झालं. ते चौथी वाटी वाढायला आले तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी दोन हातांनी भांडं धरलं, तिसऱ्या हाताने माझा हात अलगद बाजूला केला आणि चौथ्याने वाटी भरली! “ताई, माझ्याकडे बघून एवढं तरी!”

“नको म्हणजे नको!” मी ओरडले. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

“पहिलं ‘नको’ आणि हे ‘नको’, फरक काय होता?” आबांनी हळूच विचारलं.

“हे खरं होतं.”

“ते कसं ओळखायचं?”

“माझ्या तोंडाकडे बघून. आत्याला तर मी न बोलताच कळतं.”

“बरोबर. पंगतीत समोर माणूस असतं. त्याचा चेहरा दिसतो, ते किती जेवलंय ते दिसतं. म्हणून तिथे आग्रह गोड लागतो. आता सांग, तुझ्या फॉर्मला समोरच्याचं तोंड दिसतं?”

मी मान हलवली. फॉर्म आंधळा होता. कुणी हसत नको म्हणतंय की वैतागून, हे त्याला कळायची सोयच नव्हती.

“म्हणून फॉर्मने एकदाच विचारायचं,” आबा म्हणाले. “चौकोन रिकामा ठेवायचा. ज्याला हवं तो आपल्या हाताने खूण करेल. नाही केली, तर ते ‘नाही’. ती खरी संमती (नीट समजून, आपल्या मर्जीने दिलेला होकार). आपण भरलेल्या चौकोनाला संमती म्हणत नाहीत. ती आपण स्वतःलाच दिलेली परवानगी झाली.”

जेवणानंतर आम्ही तक्रारी वाचायला घेतल्या. एक होती निगडीच्या वैजयंती ताम्हणकर बाईंची. ‘मी तुमची वेबसाइट आजवर उघडलेलीसुद्धा नाही!’ हे तर दुसरंच कोडं. बराच वेळ शोधल्यावर मला सापडलं, त्यांच्या नंबरापुढे नाव भलत्याचंच होतं. कुणीतरी फॉर्म भरताना स्वतःच्या नंबरातला एक आकडा चुकवला होता, आणि तो नंबर निघाला या बाईंचा.

“आम्ही यानाला कधीच एकदम माहिती धाडत नसू,” आबा सांगायला लागले. “आधी छोटीशी हाक. ‘ऐकतोयस का?’ मग वाट बघायची. कधी कधी तासन् तास. तिकडून पोच (हाक मिळाल्याचं उत्तर) आली की मगच पुढचं बोलणं. यंत्रंसुद्धा एकमेकांना विचारून बोलतात, बाळा.”

“मग आपणही तेच करू!” मी ताडकन उठले. “कुणी नंबर दिला की त्या नंबरवर एकच हाक पाठवायची. ‘अंजिराचे मेसेज तुम्हीच मागितलेत का? असल्यास हो लिहा.’ पोच आली तर यादीत घ्यायचं. नाही आली तर नंबर पुसायचा आणि गप्प बसायचं.”

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

पुढची तक्रार आत्याने दोनदा वाचली. त्या गृहस्थांनी एकदा जॅम मागवला होता आणि उडती टोपली कुठे उतरवायची हे कळावं म्हणून नंबर दिला होता. “हा नंबर मी टाकला यादीत,” ती म्हणाली. “मला वाटलं, आलाच आहे तर असू दे. पण टोपलीसाठी दिलेला नंबर टोपलीपुरताच, नाही का?”

संध्याकाळपर्यंत नवा फॉर्म तयार झाला. रिकाम्या चौकोनापुढे आम्ही लिहिलं, ‘कामठे अंजीर बागेने मला अंजीर उतरल्याचा मेसेज पाठवावा. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त तीन. नकोसे झाले की “थांबा” एवढंच पाठवा, आम्ही थांबू. इथे खूण न करताही तुम्हाला अंजीर मागवता येतील.’ कुणी कधी खूण केली आणि तेव्हा समोर काय लिहिलेलं होतं, तेही आग्रहराव जपून ठेवणार होते. पुरावा म्हणतात तो हाच.

आता राहिली जुनी यादी. वहीतले सत्तर लोक पक्के होते. बाकीच्या आठशे सत्तरांत कुणी मनापासून हो म्हटलं होतं आणि कुणी कंटाळून, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता.

“त्यांना एकदा मेसेज करून विचारूया ना, खरंच हवं का म्हणून?” मी म्हटलं.

“तोही मेसेजच की,” आबा म्हणाले. “चौथी वाटी श्रीखंडाची.”

आत्याने ‘पुसा’ या बटणावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ दाबलंच नाही. मग दाबलं. आठशे सत्तर नावं गेली. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हटलं, “माझ्यामुळे झालं सगळं.” तिने माझे केस विस्कटले. “अर्धं माझ्यामुळे. चल, अंजीर कापायला लाग. सुकवायचे आहेत.”

वीस क्रेटपैकी चार शेजारीपाजारी वाटले, बाकीचे कापून वाळत घातले. दोन दिवस आम्ही तिघंही झोपेतसुद्धा अंजीरच कापत होतो. वेबसाइटवर येणारी माणसं नवा फॉर्म बघत होती. काही खूण करत, बरीचशी न करता पुढे जात. प्रत्येक वेळी मला वाटायचं, पडद्यातून हात घालून त्यांना एकदा तरी म्हणावं, घ्या हो! पण मी हात मांडीखाली दाबून बसले.

सोमवारी आत्याने वहीतली पानं आणि नव्या फॉर्मच्या नोंदी संदेशचौकीला पाठवल्या. मंगळवारी सकाळी उत्तर आलं, ‘पुरावा मान्य.’ यादीत एकशे अठरा माणसं होती. आत्याने भीत भीत दहाच क्रेट उतरवले आणि मेसेज पाठवला.

आम्ही पडवीत बसून राहिलो, आबा एखाद्या यानाची वाट बघत बसायचे तसे. पहिली मागणी आली. मग तीन एकदम. नऊ वाजेपर्यंत त्र्याऐंशी झाल्या! नऊशे चाळीस जणांना मेसेज जायचा तेव्हाही कधी नव्वदच्या वर गेल्या नव्हत्या. आत्या पदर खोचून पुन्हा बागेत पळाली, कारण दहा क्रेट पुरणार नव्हते. ताम्हणकर बाईंनी काही अजून खूण केलेली नाही. त्यांची मर्जी.

त्या दुपारी पुन्हा श्रीखंड होतं, या वेळी आनंदाचं. आबा म्हणाले, “केतकी, तू मोठी होशील तेव्हा एखाद्या लांबच्या ताऱ्याजवळ कुणीतरी सापडेलही. तेव्हा त्यांना पहिलं काय सांगशील?”

“सांगणार नाही,” मी म्हटलं. “आधी विचारीन, ऐकायचंय का? आणि पोच येईपर्यंत थांबेन.”

“शंभर वर्षं लागली तर?”

“तर माझ्या नातीला थांबायला सांगीन.”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेवढ्यात आग्रहराव भांडं घेऊन आले. आत्याने त्यांचा नियम कालच बदलला होता. “केतकीताई, श्रीखंड?”

“नको,” मी नेहमीच्या सवयीने म्हटलं आणि वाटी जराशी पुढे सरकवली.

आग्रहराव मान लववून पुढे गेले. त्यांनी आबांना वाढलं, आत्याला वाढलं, आणि भांडं घेऊन स्वयंपाकघराकडे वळले.

“अहो, आग्रहराव!”

“आपण नको म्हणालात, ताई.”

“ते मी उगीच म्हटलं होतं.”

“मग?” फेट्याखालचे दोन हिरवे दिवे माझ्याकडे बघत राहिले. आबा आणि आत्याही हात थांबवून बघत होते. माझे कान गरम झाले. मामीकडे, शाळेत, कुणाच्या वाढदिवसाला, हे मी आजवर एकदाही सरळ बोलले नव्हते.

“हो,” मी म्हटलं. “मला हवंय.”

त्यांनी एक चमचा वाढला, आणि दुसरा वाढण्याआधी पुन्हा विचारलं.