धुक्यातलं ‘जाऊ दे’

आधीच सांगतो, मी गमत्या माणूस आहे. माझ्यावर घरातसुद्धा कोणी विश्वास ठेवत नाही.

पण ही गोष्ट खरी आहे. विचारायचं असेल तर माझ्या काकांना विचारा. ते जिवंत आहेत. त्याबद्दलच तर सगळं आहे.

मागच्या जानेवारीतली घटना. रात्रीची नाही. भुतांनी रात्रीच यावं असा नियम आहे, पण आमच्याकडे सकाळची पाळी होती.

सुरतेजवळ, कामरेजच्या पुढे, तापीच्या अंगाला एक पांजरापोळ आहे. भाकड गाई, लंगडे बैल, कोणालाच नको असलेली जनावरं तिथं असतात. मीही तिथंच लागलो. त्याआधी पर्वत पाटियाला कपड्याच्या फोल्डिंगमध्ये होतो.

तिथं माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. पुढे लोडर, आणि लोडरला दोन लोखंडी हात. ते हात वाळल्या गवताचा मोठा गोल गठ्ठा दोन्ही बाजूंनी धरतात. गठ्ठा जमिनीला टेकवायचा आणि ट्रॅक्टर हळूहळू पुढे घ्यायचा. गठ्ठा उलगडत जातो, गवताचा लांब पट्टा पडतो आणि गाई रांगेनं खातात. थेट कापडाचा ताका उलगडावा तसं. आम्ही गठ्ठ्याला ताकाच म्हणतो.

अडचण एकच.

ताका माणसापेक्षा उंच. सीटवरून पुढचं काहीही दिसत नाही.

म्हणून एक माणूस पुढे चालतो. ताक्यावरची जाळी कापून काढतो, आडवी आलेली जनावरं बाजूला करतो आणि मला ओरडून सांगतो. तो माणूस म्हणजे माझे हिलालकाका. पुढे घ्यायचं असलं की ‘जाऊ दे’ आणि थांबायचं असलं की ‘बस’. सुरतेत ट्रकवाल्यांचे खलाशी, म्हणजे क्लीनर, ‘जवा दे, जवा दे’ ओरडतात ना, तेच. आपण मराठी लोकांनी त्याचं ‘जाऊ दे’ केलं.

थोडक्यात, माझे डोळे काकांच्या गळ्यात होते. सुषमाकाकू रोज डबा देताना म्हणायची, “योग्या, मना माणूसले सपाट नको करजो.”

मी म्हणायचो, “काकू, घडी घालून आणू का?”

ती हसायची. मीही.

त्या सकाळी धुकं एवढं होतं की ट्रॅक्टरचं बॉनेट मला अंदाजानं माहीत होतं.

काका पुढे गेले. जाळी कापल्याचा आवाज आला. मग ती ओढल्याचा.

मग काहीच नाही...

इंजिन धडधडत होतं. मी वाट पाहत बसलो.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. ट्रॅक्टरचा आवाज ऐकला की आमच्या गाई हंबरत येतात. गळ्यातल्या घंटा वाजतात.

त्या दिवशी एकही घंटा वाजली नाही.

धुकं हललं तेव्हा दिसल्या. सगळ्या कुंपणाला चिकटून उभ्या होत्या. गवताकडे एकीचंही लक्ष नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच जागेकडे होती... माझ्या ताक्याच्या पुढच्या बाजूला.

उपाशी गाय गवत सोडून दुसरीकडे बघत नाही. एवढं मला फोल्डिंगमधल्या माणसालाही कळतं.

तेवढ्यात आवाज आला.

“जाऊ दे...”

मी गिअर टाकला. ताका फिरू लागला. चाकांमधून गवताचा पट्टा मागे पडू लागला.

“जाऊ दे... जाऊ दे...”

मी पुढे घेत राहिलो.

मग जाणवलं. इंजिन चालू असताना काकांचं बोलणं मला कधीच धड ऐकू येत नाही. ‘जाऊ दे’मधलं मला फक्त ‘ऊ’ मिळतं. उरलेलं मी समजून घेतो.

त्या दिवशी शब्द न् शब्द ऐकू येत होता. ओरडल्यासारखा नाही. शेजारी बसून कोणी समजावतं, तसा.

ताका फिरतच होता.

“जाऊ दे बाप्पा... जाऊ दे.”

बाप्पा.

आमच्या खानदेशात असं कोणी म्हणत नाही. काका मला ‘योग्या’ म्हणतात, ‘गधडा’ म्हणतात, आणि पाहुणे असले की ‘भाऊ’. ‘बाप्पा’ म्हणजे वऱ्हाड.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

उतरून पुढे धावलो. काका जमिनीवर पालथे पडले होते. जाळीचा फास घोट्याला बसला होता. छातीवर आपटल्यामुळे श्वास कोंडला होता. तोंड उघडं, पण आवाज नाही.

त्यांच्या डोक्यात आणि ताक्यात हातभर अंतर होतं.

मी त्यांना ओढून बाजूला घेतलं. पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं.

“काय करी ऱ्हायना व्हता रे? मी आठे पडेल, आनि तू पुढे येस?”

“तुम्हीच तर म्हणालात, जाऊ दे.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“मी तं काहीच बोलनू नही.”

काकांच्या आधी हे काम श्रीरंगभाऊ करायचे. अकोल्याकडचे. वीस-बावीस वर्षं सुरतेत काढली. यंत्र आलं तेव्हा त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. “यंत्र गाईले चारा देते, उद्या थे दूध बी देईन,” म्हणायचे. पण ताक्यापुढे तेच चालायचे. श्रावणात तापानं गेले. त्यांची जागा काकांना मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. त्या ‘बाप्पा’मुळेच मी थांबलो, म्हणजे श्रीरंगभाऊंच्या आत्म्यानं काकांना वाचवलं. अगरबत्ती लावा.

मलाही तसंच वाटलं होतं. दोन दिवस छान गेले.

तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना डोक्यात आलं.

आपल्या मराठीत ‘जाऊ दे’ म्हणजे राहू दे. सोड तो नाद. म्हणजे थांब.

सुरतेच्या गाडीवर ‘जाऊ दे’ म्हणजे पुढे घे.

माझा काका ताक्यापुढे पडलेला असताना तो माणूस नेमका कुठल्या भाषेत बोलत होता?

मी साबण लावलेलाच उभा राहिलो. बाहेरून काकू ओरडली, तेव्हा अंगावर पाणी घेतलं.

रविवारी कोसाडला गेलो. श्रीरंगभाऊंच्या बायकोकडे, इंदुबाईंकडे. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, “मावशी, भाऊ ‘जाऊ दे’ म्हणायचे, ते कुठल्या अर्थानं?”

त्या चहा गाळता गाळता थांबल्या.

“काहून विचारून रायला?”

“काकांना वाचवलं की काय, ते कळावं म्हणून.”

“लग्नात माह्या भावानं त्याइले बुंदी कमी वाढली,” त्या म्हणाल्या. “मरेपर्यंत थे बुंदी उकरून काढत होते. सासऱ्याची सायकल, शेजाऱ्याचा नळ, सारं याद होतं. थे माणूस आन् जाऊ दे?”

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

“या घरात तो शब्द मी कधी आयकला नाही बाप्पा.”

चहा चांगला होता. मला पिता आला नाही.

त्यांनी निघताना एवढंच विचारलं, “तुहे काका अजून त्याच जागी काम करतात?”

मी हो म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं.

मी काकांना म्हणालो, हे काम सोडा. त्यांनी ऐकलं नाही. या वयात दुसरं काम कोण देणार? मग आम्ही शब्दच बदलला. बैल हाकतात ना, तसं ‘हाक’ म्हणायचं ठरवलं. बाकीचं बोलणंही आमच्या घरच्या अहिराणीत. वऱ्हाडी माणसाच्या तोंडी येणार नाही असं. काकांना युक्ती आवडली. वर्षभर काही झालं नाही.

गेल्या शुक्रवारी पुन्हा धुकं पडलं.

मी काकांना पुढे जाऊच दिलं नाही. मडगार्डवर, माझ्या शेजारी बसवलं. म्हटलं, धुकं उठलं की बघू. इंजिन चालू होतं. ताका जमिनीला टेकलेला होता. काका हातात सुरी धरून गप्प बसले होते.

घंटा थांबल्या...

आणि पुढून, ताक्याच्या पलीकडून, अगदी स्पष्ट आवाज आला.

“हाक रे योग्या. हाक.”

आवाज काकांचा होता. तोच घोगरेपणा. ‘योग्या’ म्हणताना शेवटी थोडं खेचणं, तेही.

मी हळूच शेजारी पाहिलं. काका तिथंच होते. ओठ घट्ट मिटलेले.

“हाक गधडा. कोनी नही पुढे.”

काकांचा हात माझ्या दंडावर आला. ते माझ्या कानाशी वाकले आणि अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं,

“योग्या... मी आसाच बोलस का रे?”