निरोपाच्या कोपऱ्यातला फोन

ही घटना खरी आहे. पटली तर बघा.

ज्याच्या बाबतीत घडली तो हिरोत्सुगु माझ्याच गल्लीत राहतो. विमानतळाचं नाव मात्र सांगत नाही. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे, एवढं पुरे.

फेब्रुवारी महिना. वेळ रात्रीची नव्हे, चांगली भरदुपारची.

टर्मिनल नवं बांधायचं होतं, पण विमानं बंद ठेवायची नव्हती. म्हणजे मधे पत्र्याची भिंत, तिच्या अलीकडे तोडफोड आणि पलीकडून प्रवासी बॅगा ओढत चाललेले. आज ही वाट बंद, उद्या ती. हे सगळं मुकादम म्हणून हिरोत्सुगु बघायचा.

त्या दिवशी निरोपाचा कोपरा बंद करायचा होता.

तिथे मोठी काच होती. तपासणी होऊन बसलेले प्रवासी आत, सोडायला आलेले घरचे बाहेर. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन. "पोचलीस की कळव." "बाबा, औषध वेळेवर घ्या." असलं शेवटचं बोलणं त्यावर व्हायचं.

कुठलाही भाग बंद करण्याआधी एक रीत असते. आत फिरायचं, बोटाने एकेक जागा दाखवायची आणि मोठ्याने म्हणायचं, "आत कोणी नाही. ठीक." मग जोडीदाराने तेच पुन्हा म्हणायचं.

तोक्योचं विमान नुकतंच सुटलं होतं. पुढचं उतरायच्या आत नवी वाट मोकळी हवी होती. हिरोत्सुगुने दारातूनच बोट फिरवलं. नजर घड्याळावर.

"आत कोणी नाही. ठीक."

"बघितलंस ना रे नीट?" जोडीला असलेल्या निनोमिया काकांनी विचारलं.

"बघितलं हो काका. मुलगी बघायला आलोय का आपण? म्हणा लवकर."

काकांनी म्हटलं. पत्रा लागला. स्क्रू आवळले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये एकच गाडी उभी होती... तिच्यावर रात्रभराचा बर्फ.

गाडी तोकुजी आजोबांची होती. आजोबा सापडले निरोपाच्या कोपऱ्यात, खांबाआडच्या बाकावर. मांडीवर रिसीव्हर. लेकीला सोडायला आलेले. विमान दिसेनासं होईपर्यंत तिथेच बसायची त्यांना सवय होती. मोबाइल गाडीत राहिलेला. घरी वाट बघणारं कोणी नाही. त्या भागातली हीटरची लाईन कामासाठी बंद केलेली. हृदय थांबलं होतं.

पत्र्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"कामाच्या माणसांचा खोळंबा नको म्हणून वाजवलं नसेल," काका म्हणाले. "कोणीतरी उघडेलच म्हणून बसून राहिले असतील."

हिरोत्सुगुला दोन दिवस घास उतरला नाही.

पण चौकशीत तो म्हणाला, "मी आत जाऊन बघितलं होतं. नंतर शिरले असतील."

काकांनी मान खाली घातली.

आठवड्याने आजोबांची लेक चिहारु आली. हातात मिठाईचा खोका. कमरेत वाकून म्हणाली, "बाबांमुळे तुमचं काम अडलं. माफ करा."

हिरोत्सुगुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोका घ्यावा लागला. घरी नेऊन त्याने तो उघडलाच नाही.

मार्चमध्ये कोपरा पाडायला घेतला. पत्रा निघाला. आत धूळ, बाक आणि भिंतीवरचा फोन. वायर केव्हाच कापलेली, तिचं टोक लोंबत होतं.

हिरोत्सुगु या वेळी आत गेला. खांबामागे बघितलं. बाकाखाली बघितलं.

तेवढ्यात रिसीव्हरमधून खरखर आली...

त्याने तो कानाला लावला.

ड्रिलचा आवाज. पावलं. मग जरा लांबून, त्याचा स्वतःचाच आवाज...

"आत कोणी नाही. ठीक."

आणि लगेच, अगदी कानाशी, एक म्हातारा, अदबशीर आवाज.

"अहो... माफ करा हं. मी आहे इथे."

रिसीव्हर हातातून सुटला.

"कोणाशी बोलत होतास?" दारातून काकांनी विचारलं.

नवं टर्मिनल आता उभं राहिलंय. लोकांनी मागणी केली म्हणून निरोपाचा कोपरा त्यातही ठेवलाय, नव्या फोनसकट. बाकीची कामं चालूच आहेत. हिरोत्सुगु हल्ली प्रत्येक बाकाखाली वाकून बघतो. "मांजर हरवलंय का मुकादम?" म्हणून पोरं खेचतात. तो "आत कोणी नाही" म्हणतो आणि थांबतो. कान देऊन ऐकतो. मगच "ठीक."

या नवीन वर्षाला चिहारु गावी येऊन परत निघाली होती. सोडायला कोणीच नव्हतं. काचेपलीकडून तिला हिरोत्सुगु दिसला. तिने रिसीव्हर उचलला आणि खूण केली, घ्या.

त्याने घेतला.

"एक विचारू? तुम्ही त्या दिवशी खरंच आत जाऊन बघितलं होतं ना? मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवं."

सांगून टाकायची हीच वेळ होती. ते त्यालाही कळत होतं.

"बघितलं होतं," तो म्हणाला.

चिहारुचे ओठ मिटलेले होते. तरी कानाशी तोच आवाज आला. जोडीदाराने म्हणावं तसा, हळू, अदबीने...

"बघितलं होतं. ठीक."

काचेपलीकडे चिहारुच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"तुमच्या शेजारी कोण आहे?" तिने विचारलं.

त्याने मान वळवली नाही.

हे सगळं त्याने मला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये, पितर घरी येतात म्हणतात त्या दिवसांत, ती पुन्हा येणार आहे.